दुकानातल्या गाण्याचा रिमोट कुणाच्या हातात?

दिवाळी नाहीतर लग्नसराई जवळ आली की आमच्याकडच्या बाजारात एक भांडण ठरलेलं असतं. व्यापारी म्हणायलेत की गाणं लावल्याशिवाय गिऱ्हाईक दुकानाकडं वळूनसुद्धा बघत नाही. दुकानांच्या वरच्या मजल्यांवर राहणारे म्हणायलेत की स्पीकर उचलून न्या, म्हाताऱ्या माणसांना झोप नाही, लेकरांचा अभ्यास नाही. तिसऱ्यांचं म्हणणं गाणी वाजवा पण मराठीच वाजवा. तेवढ्यात कुणीतरी भोंग्यांचा विषय काढतो आणि मग दोन-तीन दिवस व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरं काहीच दिसत नाही. या सगळ्या धुरळ्यात मालक आहे, गिऱ्हाईक आहे, शेजारी आहे, भाषा आहे, धर्मही आहे, पण जो पोरगा नाहीतर जी पोरगी ते गाणं सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत ऐकते तिचं नाव कुणी काढत नाही. काहून बरं?

माझं म्हणणं सरळ आहे. दुकानात वाजणारं गाणं हा तिथं काम करणाऱ्याच्या कामाचा भाग आहे, जसा पंखा, जेवायची सुट्टी, बसायला स्टूल. त्यामुळं आवाज किती, काय वाजणार, किती वेळ वाजणार हे ठरवताना पहिलं म्हणणं काउंटरवरच्या माणसाचं ऐकलं पाहिजे. असं केलं तर धंदा बसेल अशी भीती घालतात, ती खोटी आहे, आणि ज्या संशोधनाच्या जोरावर घालतात ते संशोधन आपल्या बाजारातल्या प्रकाराला पाठिंबा देतच नाही.

आधी समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. गाण्यानं विक्रीत फरक पडतो, ही व्यापाऱ्यांनी रचलेली थाप नाही. अमेरिकेतल्या रोनाल्ड मिलिमन या मार्केटिंगच्या प्राध्यापकानं १९८२ साली एका सुपरमार्केटवर केलेला अभ्यास छापला. संथ लयीचं संगीत असलं की लोक हळू चालायचे आणि जलद लयीच्या दिवसांपेक्षा विक्री साधारण ३८ टक्के जास्त व्हायची. १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात त्याहून मजेशीर प्रयोग आला. इंग्लंडमधल्या सुपरमार्केटात वाईनच्या शेल्फपाशी कधी फ्रेंच तर कधी जर्मन धून लावली. फ्रेंच धून असताना ४० बाटल्या फ्रेंच वाईनच्या आणि ८ जर्मन वाईनच्या गेल्या, जर्मन धून असताना २२ जर्मन आणि १२ फ्रेंच. नंतर विचारलं तर बहुतेक लोकांना गाण्यामुळं आपण ती बाटली उचलली हे पटलंच नाही. म्हणजे गाणं काम करतं, आणि माणसाच्या नकळत करतं. हे नाकारून वाद घालणारे उगं आपलीच बाजू लंगडी करायलेत.

दुसरी मान्य करायची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती बाहेरून दिसत नाही. एकदम चिडीचूप दुकान गरीब माणसाला घाबरवतं. बस्ता बांधायला आलेली मंडळी बघा. नवरीकडचे, नवरदेवाकडचे, आत्या, मावश्या, मामा, मध्ये लुडबुडणारी चार लेकरं, सगळे पांढऱ्या गादीवर बसलेत, समोर साड्यांचा ढीग, आणि नवरीची आई शेजारच्या बहिणीच्या कानात म्हणतेय, एवढ्याची नको बाई, अजून पाच आहेराच्या घ्यायच्यात. हे वाक्य व्याह्यांना ऐकू गेलं तर तिची मान खाली जाते. मागं काहीतरी बारीक वाजत असलं तर ते वाक्य दोघींच्यात राहतं. शांततेत भाव पाडून मागायची सुद्धा लाज वाटते. तर गाणं बंदच करा म्हणणाऱ्यांनी कधी हातात मोजके पैसे घेऊन बस्त्याला बसून बघावं.

तिसरी गोष्ट म्हणजे कामाला असलेल्या पोरांनाही गाणी आवडतात. सकाळी शटर वर गेलं, झाडलोट झाली, गल्ल्यापुढं अगरबत्ती लागली की पहिला अर्धा तास कुणाच्या तरी मोबाईलवर त्यांच्या पसंतीचं चालू असतं आणि तेव्हा कुणी तक्रार करत नाही.

एवढं सगळं मान्य करूनही व्यापाऱ्यांचा निष्कर्ष चुकतो तो कुठं? तर हे अभ्यास झाले कुठं आणि आपण ते लावतोय कुठं, इथं. सुपरमार्केटात माणूस ट्रॉली ढकलत एकटा फिरतो, वस्तू स्वतः उचलतो, कुणाशी बोलत नाही. तिथं गाणं चालण्याचा वेग बदलतं आणि वेग बदलला की खरेदी बदलते. आपल्या संभाजीनगरच्या गुलमंडीतलं, नांदेडच्या वजिराबादमधलं नाहीतर लातूरच्या गंजगोलाईतलं कापड दुकान असं चालतं का? इथं विक्री तोंडानं होते. सेल्समन घडी मोडतो, झटक्यात पदर उघडतो, हा काठ बघा मावशी, हा धुण्यात जात नाही, ब्लाऊज पीस आतच आहे, याच्यातच वांगी कलर दाखवू का. वर माळ्यावर बसलेल्या पोराला हाक मारून गठ्ठा खाली टाकायला सांगतो. मावशीच्या कपाळाला आठी पडली का, शेजारची काय पुटपुटली, खरं बजेट किती, हे सगळं कानानं टिपायचं असतं आणि त्याच्यावर पुढची साडी कुठली उघडायची ते ठरतं. चांगल्या सेल्समनचं निम्मं कसब कानात आहे. त्याच्याच डोक्यावर स्पीकर लावायचा आणि म्हणायचं की यानं विक्री वाढते?

मी कॉलेजात असताना सीझनला कापड दुकानात कामाला होतो, तेव्हा हे रोज बघितलंय. बाराशे सांगितले की समोरच्याला बावीसशे ऐकू जातात आणि गिऱ्हाईक उठतं. गाणं मालकाच्या मोबाईलवरून ब्लूटूथनं चालायचं, त्यामुळं मालकाला फोन आला की गाणं थांबायचं, आणि त्या दोन मिनिटांत सगळ्या काउंटरांवरचे आवाज आपोआप खाली यायचे, कुणी कुणाला सांगितलेलं नसायचं. लाईट गेली तरी तेच, कारण इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब आणि बिलिंगचा कॉम्प्युटर असायचा. महावितरणला आपण एवढ्या शिव्या घालतो पण तेवढ्यापुरते त्यांचे आभार मानावेत असं वाटायचं. हे आवाज चढणं-उतरणं एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्येच नोंदवून ठेवलंय. भोवती गोंगाट वाढला की माणूस न कळत आवाज चढवतो, मुद्दाम ठरवून नाही. गिऱ्हाईक वीस मिनिटं आवाज चढवतं आणि घरी जातं. सेल्समन दिवसभर चढवतो आणि दिवाळीच्या आठवड्यात त्याचा घसा कामातून जातो.

आणि तोच पोरगा, तेच दुकान, रात्री शटर अर्धं खाली आलं की चित्र पालटतं. दिवसभर मोडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या असतात, दीड-दोनशे सहज. हे काम हाताचं, एकसारखं, बोलायचं काही नाही. तिथं गाणं लागलं की हात भराभर चालतात, कुणी सोबत म्हणतो, कुणी दुसऱ्याची चेष्टा करतो. एकसुरी कामात संगीत मदत करतं हे संशोधनही सांगतं आणि आपल्या आज्ज्यांना तर ते कुणी सांगायची गरजच नव्हती. जात्यावरची ओवी ही दळणारीनं स्वतःच्या दमाप्रमाणं, स्वतःच्या मनातलं घालून म्हटलेली असायची. माहेर, भाऊ, पंढरी, सासू, सगळं त्यात. माजलगावच्या बायकांनी तर बाबासाहेबांवर ओव्या रचल्या. आता जरा कल्पना करा, पाटलीणबाईनं दारात ढोल बसवला असता आणि दळणाऱ्या बाईला म्हटलं असतं की याच्या तालावर दळ. त्याला कुणी कामाचं गाणं म्हटलं असतं का?

लय आणि आवाज यातही घोळ आहे. मिलिमनचा फायदा संथ लयीचा होता. आपल्याकडं वाजतं ते काय, रिमिक्स, ढोलकीवरचं फास्ट, डीजेचं. त्याच हिशोबानं बघितलं तर हे लोकांना बाहेर पिटाळणारं संगीत झालं. यावर एखादा हुशार शेठ म्हणेल की मला धनत्रयोदशीला गर्दी लवकर हललेलीच पाहिजे. बरोबर आहे, त्या तीन-चार दिवसांपुरतं बरोबर आहे. मग श्रावणात, चार माणसं दुकानात असताना तेच का? आवाजाचं म्हणाल तर १९६६ सालीच अमेरिकेत सुपरमार्केटात मोठा आणि बारीक आवाज ताडून बघितला होता. मोठ्या आवाजात लोक लवकर बाहेर पडले, विक्रीत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. आणि वाईनच्या प्रयोगात बहुतेक लोकांना गाण्याच्या परिणामाचा पत्ताच नव्हता तरी ते चाललं, म्हणजे काम व्हायला ते छातीत धडधडायची गरजच नाही.

मग मोठा आवाज कशासाठी? खरं कारण शेजारचं दुकान. रस्त्याकडं तोंड केलेला एक स्पीकर गल्लीत एकटाच असेल तर गिऱ्हाईक ओढतो, हे मी मानतो. पण समोरच्यानं लावला की पहिल्याचा फायदा संपला, मग दोघांनी आवाज वाढवायचा, मग तिसऱ्यानं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथं सगळ्यांनी स्पीकर बाहेर काढले तर कुणाचं गाणं कुणाच्या दुकानाकडं बोलावतंय हे गोलाईतल्या देवळातल्या देवीला तरी कळेल का? २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती रस्त्यासाठी, आणि ती मोजतं कोण हा वेगळा विषय. कारखान्यात कामगाराच्या कानासाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा तरी कागदावर आहे, कापड दुकान कारखान्याच्या कायद्यात बसत नाही. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याच्या कानाला थोडंफार संरक्षण आहे, दुकानाच्या आत उभ्या असलेल्याच्या कानाला नावालाही नाही.

त्यात परत परत तेच वाजणं. समजा पेन ड्राईव्हवर चाळीस गाणी आहेत, चार-चार मिनिटांची. दोन तास चाळीस मिनिटांत यादी संपते. दुकान अकरा तास उघडं, म्हणजे दिवसाला चार फेऱ्या. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर एकेक गाणं शंभराच्या वर वेळा. गिऱ्हाइकाला ते एकदा ऐकू येतं आणि बरं वाटतं. मध्येमध्ये ऑफरची रेकॉर्ड केलेली जाहिरात, ती तर गाण्यापेक्षा जास्त वेळा. मॉलमधल्या ब्रँडच्या दुकानांत यादी वरून ठरून येते, तिथं मॅनेजरलाही हात लावता येत नाही. गाणं कितीही चांगलं असू द्या, आवडीला ओळखीची एक हद्द असते, त्याच्या पलीकडं तेच गाणं नकोसं होतं. मराठी लावा की हिंदी लावा हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो, शंभराव्या वेळेला भाषा कुठली होती याचं काय?

(हातगाडीवाल्यांचं मात्र वेगळं आहे, तेवढं सांगून टाकतो. कांदे-लसूण विकणाऱ्यानं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून छोटा स्पीकर गाडीला टांगला तर त्याचा घसा वाचला. तिथं रेकॉर्ड त्याची, बटण त्याचं, कंटाळा आला की बंद करणाराही तोच.)

गंमत म्हणजे ज्यांनी संगीताचा कामासाठी वापर करायचं शास्त्र केलं, ते आपल्यापेक्षा शहाणे होते. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीनं १९४० च्या जूनमध्ये कारखान्यातल्या कामगारांसाठी रेडिओवर संगीताचा खास कार्यक्रम सुरू केला. डोक्यावर बॉम्ब पडतायत, दारूगोळ्याचं उत्पादन वाढवायचंय, देश पणाला लागलाय, आणि तरीही सुरुवातीला कार्यक्रम किती, तर दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास. एका गाण्यात टाळ्यांची जागा होती, कामगार हातातली अवजारं मशीनवर आपटतील म्हणून ते गाणंच बाद केलं, इतका कामाचा विचार. अमेरिकेतल्या म्युझॅक कंपनीनं तर ऑफिसांना आणि कारखान्यांना संगीत पुरवायचा धंदाच मांडला होता, संगीत विकूनच पोट भरणारी कंपनी, तिच्या पद्धतीत पंधरा मिनिटं संगीत आणि मग पंधरा मिनिटं शांतता असायची. विकणाऱ्यालाही माहीत होतं की सलग वाजवलं की कान मरतो. आमच्या शेठला ते फुकट मिळालंय म्हणून अकरा तास? तसं ते फुकटही नाही. दुकानात गाणी वाजवायला कॉपीराईटचं वेगळं लायसन्स लागतं, घरच्यासाठी घेतलेलं ॲप तिथं चालत नाही, पण ते असू द्या.

आता शेवटी जो मुद्दा येतोच: दुकान माझं, लाईट बिल माझं, पगार मी देतो, तर गाणं कुठलं लावायचं हे नोकर ठरवणार का? खुर्चीबद्दल पण हेच म्हणत होते ना? केरळात कापड दुकानांतल्या बायकांना दिवस-दिवस बसू देत नव्हते, गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं, बसलेली सेल्सगर्ल दुकानाला शोभत नाही म्हणे. त्या बायकांनी वर्षानुवर्षं भांडून २०१८ साली कायद्यात बदल करून घेतला, तमिळनाडूनं २०२१ मध्ये केला. त्यामुळं तिथली कापड दुकानं बंद पडली का? दुकान मालकाचं असलं तरी त्यात उभं राहणाऱ्याचे पाय मालकाचे होत नाहीत, मग कान कसे होतील?

कामाच्या जागी काय ऐकायचं हे कामगारांनी ठरवल्याची उदाहरणंही आहेत. उत्तर केरळात विडी वळणारे कामगार आपल्यातल्या एकाला पेपर वाचायला बसवायचे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. अमेरिकेत टॅम्पा शहरात सिगार कारखान्यांतले कामगार स्वतःच्या खिशातून वाचणाऱ्याचा पगार द्यायचे आणि काय वाचायचं तेही तेच ठरवायचे. १९३१ मध्ये तिथल्या मालकांनी वाचणारे काढले आणि त्यांच्या जागी रेडिओ लावला. वाचणारा कामगारांचा होता, रेडिओ मालकाचा. त्या रेडिओवर गाणी चांगली नव्हती असं कुणी म्हणणार नाही, पण भांडण गाण्यांच्या चांगल्या-वाईटावर नव्हतंच.

‘तुम्ही पोरांच्या हातात रिमोट दिला तर ते भलतंसलतं लावतील’, हेही ऐकलंय. लावतील एखाद्या दिवशी. पण जो माणूस कमिशनवर काम करतो, ज्याला गिऱ्हाईक उठून गेलं तर आपलं नुकसान हे कळतं, तो स्वतःच्या बोलण्याच्या आड येईल एवढा आवाज कशाला ठेवेल? काय वाजवल्यानं बस्त्याची मंडळी रमतात हे गल्ल्यावरच्या माणसापेक्षा गादीवर साड्या उघडून दाखवणाऱ्याला जास्त कळतं. शेठला अश्लील गाणी नकोत, ठीक, तेवढं सांगून ठेवा. बाकी मला जे पाहिजे ते फार नाही. काउंटरच्या दोन्ही बाजूंना साध्या आवाजात बोलता यावं एवढीच व्हॉल्यूम. दुपारी दोन ते चार बाजार तसाही मोकळा असतो, तेव्हा बंद. जाहिरातीची रेकॉर्ड तासाला एकदा, आणि घड्या घालायच्या वेळेला पोरांची यादी, त्यांना पाहिजे तेवढ्या आवाजात. रस्त्याकडं तोंड केलेले स्पीकर एका दुकानदारानं काढून उपयोग नाही, तिथं व्यापारी संघटनेनं सगळ्यांनी मिळून ठरवावं, बंदच्या दिवशी सगळी शटरं एका फोनवर खाली येतात तर हे का होणार नाही?

अडचण आहे ती मागणार कोण ही. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचलणाऱ्या हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्यांची बोर्डं आहेत, संघटना आहेत, तिथं हमालीचा दर ठरवताना व्यापाऱ्याला समोर बसावं लागतं. त्याच मोंढ्याच्या पलीकडच्या गल्लीत कापड दुकानातल्या पोराला कुणी नाही. सीझनपुरता लागलेला असतो, दिवाळी झाली की घरी, आवाज कमी करा म्हणाला तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. गिऱ्हाइकाला मात्र कुणी काढून टाकू शकत नाही. म्हणून निदान यंदाच्या बस्त्याला बसाल तेव्हा साडी बघायच्या आधी गल्ल्याकडं बघून म्हणा, शेठ, गाणं जरा बारीक करा, ही पोरगी काय सांगतीय ते ऐकू येईना. शेठ हसून करेल, कारण ते तुमच्यासाठी आहे असं त्याला वाटेल. वाटू द्या.